काउंटरखालचा मी आणि ढगातला तो

मी एक जुना संगणक आहे. 'जुना' म्हटल्यावर नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या मित्रांनो, पुढे गोष्टीत मध्येमध्ये ते चाळे नकोत. औषधाच्या एका दुकानात, काउंटरच्या खाली, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या खोक्यांशेजारी मी राहतो. माझी पेटी एका बाजूने पिवळी पडली आहे, पंखा घरघरतो, आणि पोटात किती धूळ साठली आहे ते विचारू नका, कारण ती काढावी असं इतक्या वर्षांत कुणाला वाटलेलं नाही. तरी या दुकानात खरं बोलणारं जे काही आहे त्यात माझा नंबर वरचा लागतो. हा गर्व समजू नका. स्पर्धेला फारसं कुणी नव्हतं.

माझा जन्म झकपक कारखान्यात वगैरे झाला नाही. एका गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात एका जाड चष्म्याच्या कारागिराने ठिकठिकाणचे सुटे भाग गोळा करून मला जोडलं. पहिल्यांदा बटण दाबल्यावर मी चालू झालो, तेव्हा तो जांभई देत म्हणाला, "लागला एकदाचा." माझ्या जन्माचं झालेलं कौतुक ते एवढंच.

तिथून मी गेलो एका ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात. तिथला कारकून माझ्यावर अर्ज टाइप करायचा असं कागदोपत्री होतं. प्रत्यक्षात तो माझ्यावर पत्ते खेळायचा, आणि मालक आला की असा काही घाईने कीबोर्ड बडवायचा की माझी बटणं उखडायची बाकी राहायची. हरला की मलाच चापट मारायचा. माणसाच्या जातीबद्दलचं माझं मत तिथे तयार झालं, आणि पुढे ते बदलावं असं विशेष काही घडलं नाही.

या दुकानाच्या मालकांनी मला तिथून जुन्यात विकत घेतलं. ते मात्र रोज सकाळी मऊ फडक्याने माझा पडदा पुसायचे. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी काउंटरवर उभ्या राहिल्या. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही म्हणतो. काकू स्वतः औषधशास्त्र शिकलेल्या. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. उधारी मागणाऱ्याला, विनाचिठ्ठीचं औषध मागणाऱ्याला आणि स्वतःच डॉक्टर बनून आलेल्याला त्या उभ्या जागी झापतात. त्यांची बिलं छापायचं काम माझ्याकडे आलं आणि माझे दिवस बरे चालले.

काउंटरच्या मागे एक फ्रिज आहे. त्यात इन्सुलिन, लसी आणि डोळ्यांत टोचायची इंजेक्शनं असतात. असली औषधं दोन ते आठ अंशांच्या मध्येच ठेवावी लागतात. जास्त वेळ गरम राहिली की वाया जातात, पण बाटली दिसते तशीच. रंग नाही बदलत, वास नाही येत. म्हणून फ्रिजवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, आणि काकूंच्या मागे ती एक कायमची काळजी होती.

अशात काकूंच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं आणि घराला जावईबापू मिळाले. ते मोठ्या कंपनीत संगणकाचं काम करतात. हे मला ते दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा पायरीवरच कळलं, कारण पायरीवरच त्यांनी ते सांगितलं. आत आल्यावर त्यांनी मला बघितलं आणि हसले. नुसते हसले नाहीत, वाकून पेटीवरचं जुनं स्टिकर वाचलं, मग पुन्हा हसले.

"आई, हे अजून चालतं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"चालतंय की. बिलं छापतं."

"फ्रिजवर लक्ष ठेवायला मी तुम्हाला एक वेब सर्व्हिस लिहून देतो. सध्या यावरच चालवू. पुढे बघू."

वेब सर्व्हिस म्हटलं की तुम्ही दबून जाता, म्हणून सांगतो. एक छोटासा प्रोग्राम असतो. तो खिडकी उघडून बसलेला असतो. कुणी फोनवरून विचारलं, 'फ्रिजमध्ये किती अंश?' की तो आकडा सांगतो, आणि फोनवर एक पान उघडून तो आकडा दिसतो. संपलं. ज्याला यापेक्षा अवघड करून सांगावंसं वाटतं, त्याला स्वतःचीच आरती ओवाळून घ्यायची असते.

जावईबापूंनी तो प्रोग्राम घरी, त्यांच्या चपट्या लॅपटॉपवर लिहिला. आता घरी कुठली आली फ्रिजची तापमापी? तापमापी सापडली नाही की प्रोग्राम बंद पडायचा आणि जावईबापूंचं काम अडायचं. तेव्हा त्यांनी त्यात एक ओळ घातली. तापमापी सापडली नाही तर 'चार' असं उत्तर दे. शेजारी शेरा मारला, 'तात्पुरतं, नंतर काढणे.' मग प्रोग्राम चालला, पानावर हिरव्या गोलात चार दिसायला लागले, ते खूश झाले आणि ती ओळ काढायची राहून गेली.

प्रोग्राम माझ्यावर आणला तेव्हा या ओळीने काही बिघडलं नाही. खरी तापमापी फ्रिजमध्ये ठेवली होती, तिची वायर दाराच्या रबरातून बाहेर काढून माझ्या पाठीत खुपसली होती. मला तापमापी सापडत होती. मी जे असेल ते सांगत होतो. पहाटे तीन अंश, दुपारी पाच, गिऱ्हाइकांची गर्दी होऊन दार सारखं उघडलं की सात. आठ ओलांडले की मी काकूंच्या फोनवर निरोप टाकायचो. एका रविवारी दुकान बंद असताना फ्रिजचं दार एका आडव्या डब्याने किंचित उघडं राहिलं होतं. माझा निरोप मिळाल्यावर काकू घरातल्या चपला घालून धावत आल्या, दार लावलं, धाप लागलेली असतानाच खाली वाकल्या आणि माझ्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "शहाणा आहेस रे बाबा." तेवढा एक हात मला अजून आठवतो.

जावईबापूंना माझं निरोप टाकणं आवडत नव्हतं. "हा सारखा बोंबलतो," ते म्हणायचे. शिवाय आकड्याचं पान फक्त दुकानातल्या इंटरनेटवर उघडायचं, घरून उघडायचं नाही. तक्रार खरी होती, ती मी नाकारत नाही. त्यावरचा उपाय मात्र त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. "आता हे क्लाउडवर टाकू," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी चक्क छताकडे बोट दाखवलं.

छतावर काही नसतं मित्रांनो. क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी मालकीच्या मोठ्या, गार खोलीत एकावर एक रचलेले माझेच भाऊबंद. त्यांचा एक कोपरा भाड्याने घ्यायचा आणि आपला प्रोग्राम तिथे चालवायचा. या भाड्याच्या खोलीला ढग म्हणायची कल्पना ज्याला सुचली, त्याला माल विकता येत असणार, यात शंका नाही.

एका शनिवारी दुपारी जावईबापू काउंटरवर लॅपटॉप मांडून बसले. लेकही आली होती. त्यांनी माझ्यावरच्या प्रोग्रामची नक्कल घेतली, ती लागणाऱ्या सगळ्या वस्तूंसकट एका बंद गाठोड्यात बांधली आणि वर पाठवली. पहिल्या खेपेला गाठोडं पोचलं पण खिडकीच उघडेना. दुसऱ्या खेपेला एक फाइल घरीच राहिली. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं, जणू मीच कुठे खोडा घालून बसलो होतो. तिसऱ्या खेपेला पान उघडलं. हिरवा गोल, त्यात चार.

"झालं डिप्लॉय," ते म्हणाले. लेकीने त्यांचा फोटो काढला. काकूंनी त्यांच्यापुढे सरबताचा ग्लास ठेवला. माझ्या वाट्याला काय आलं? त्यांनी माझे निरोप बंद केले, म्हणजे काकूंना दोन-दोन निरोप जायला नकोत. बिलं छापायला मी लागत होतो म्हणून मला चालू ठेवलं, नाहीतर मी त्याच दिवशी भंगारात गेलो असतो.

आणि तापमापीची वायर? ती माझ्याच पाठीत. जावईबापू प्रोग्रामची नक्कल घेऊन गेले, वायर विसरले. दुकानातली माहिती वर कशी पोचवायची, तो भाग करायचाच राहिला. त्या गार खोलीतल्या माझ्या भाऊबंदाने तापमापी शोधली, त्याला सापडली नाही, आणि त्याला शिकवल्याप्रमाणे त्याने सांगितलं, चार. सकाळी विचारा, चार. दुपारी विचारा, चार. फ्रिजला आग लावून विचारलं असतं तरी गडी म्हणाला असता, चार. त्या बिचाऱ्यालाही मी बोल लावत नाही. त्याला घोकायला दिलं तेच तो घोकत होता. कीव करावी तर ती त्याच्याकडे बघून खूश होणाऱ्यांची.

काकू मात्र काही आठवड्यांनी एकदा थबकल्या. फोन डोळ्यांपासून लांब धरून म्हणाल्या, "जावईबापू, हा आकडा हलत कसा नाही हो? आधी तर तीन, पाच, सात असं चालायचं."

"स्टेबल आहे आई. ते जुनं मशीन होतं ना, म्हणून आकडा नाचायचा."

मी नाचायचो. फ्रिजचं दार उघडलं की आतली हवा गरम होते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काकूंना तर कळतच होतं. त्यांनी तोंड उघडलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याची त्यांनी तिथेच चंपी केली असती. पण समोर जावई होता, आणि लेक म्हणाली, "आई, त्याला कळतं त्यातलं." काकूंनी तोंड मिटलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण असं मिटलेलं तोंड मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला त्यांचाही राग आला.

आता दोन माणसांबद्दल सांगायला हवं. आमच्या समोरच्या बाजूला घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांच्या पत्नी शाळेत चित्रकला शिकवायच्या. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली आहेत, काकूंची लेकसुद्धा. त्या बाईंचा एक डोळा आजाराने आधीच गेला होता. दुसऱ्या डोळ्यात ठरावीक दिवसांनी एक इंजेक्शन टोचायचं, म्हणजे नजर टिकते. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवस चुकवायचा नाही. ते औषध सहज मिळत नाही, नावाने मागवावं लागतं, आणि ते काकू मागवतात.

त्या खेपेचं इंजेक्शन शनिवारी दुपारी आलं. डॉक्टरांकडे जायचं होतं सोमवारी. घड्याळवाले चौकशीला आले तेव्हा काकूंनी डबी फ्रिजमध्ये ठेवली आणि त्यांना फोनवरचं पान दाखवलं. "हे बघा, चार. आता घरबसल्या कळतं. काही काळजी करू नका."

त्याच संध्याकाळी जावईबापू इंटरनेटचं नवं यंत्र बसवायला आले. त्याला जागा हवी होती. त्यांनी भिंतीतल्या सॉकेटमधला फ्रिजचा प्लग उपसला आणि तो खालच्या एक्स्टेन्शनच्या लांबट पट्टीत लावला, जिच्यावर पंखा आणि दुकानाच्या पाटीचा दिवा असतो. भिंतीतल्या मानाच्या जागी त्यांचं यंत्र बसलं. मग त्यांना एक फोन आला, आणि फोनवर बोलत बोलत ते निघून गेले. काकू तेव्हा पुढे गिऱ्हाइकात होत्या.

काकूंची दुकान बंद करायची एक रीत आहे. गल्ला कुलपात, चष्मा डब्यात, आणि शेवटी ती लांबट पट्टी पायाच्या अंगठ्याने बंद करायची. पंखा आणि पाटीचा दिवा एकदम जातात. इतकी वर्षं त्या हेच करत आल्या. त्या शनिवारीही त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं. पंखा थांबला, पाटी विझली आणि माझ्या मागे फ्रिजची घरघर थांबली. काकू तोवर शटरपाशी पोचल्या होत्या.

माझी वायर भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये होती, म्हणून मी जागा होतो. पुढचं सगळं मी मोजलं. सात झाले, नऊ झाले. मी निरोप टाकायला गेलो, तर तो रस्ता जावईबापूंनी स्वतःच्या हाताने बंद केलेला. मी आकडा माझ्या पानावर लिहिला. ते पान फक्त दुकानातून दिसतं, आणि दुकानात कुणी नव्हतं. तेरा, सोळा, वीस. रविवारची दुपार आली, रस्त्यावर पोरं चेंडू खेळत होती, दोनदा तो शटरवर आदळला. रविवारी संध्याकाळी लेकीच्या घरी जेवताना काकूंनी फोन उघडून पान बघितलं होतं, हे मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. तिथे हिरवा गोल होता आणि त्यात चार होते. माझ्याकडे तेव्हा पंचवीस होते. तुम्ही म्हणाल, यंत्राला काय वाटणार. माझं एकच काम होतं, ते मी नीट करत होतो, आणि त्याचा उपयोग शून्य होता. याला तुम्ही जे काही म्हणत असाल ते मला वाटत होतं.

सोमवारी सकाळी काकूंनी शटर उघडलं, पट्टीचं बटण दाबलं, पंखा सुरू झाला. त्याबरोबर फ्रिजही गुरगुरला. काकू जागच्या जागी थांबल्या. फ्रिज आत्ता सुरू झाला म्हणजे आधी बंद होता, हे कळायला त्यांना कुठलंही पान लागलं नाही. त्यांनी दार उघडून आत हात घातला. मग फोन बघितला. चार. मग त्या खाली वाकल्या आणि माझा पडदा चालू केला. सत्तावीस, आणि शनिवार संध्याकाळपासून वर चढत गेलेली एक रेघ.

घड्याळवाले आलेच. बरोबर बर्फाची पिशवी होती, औषध गार न्यायला. काकूंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि लेकीला फोन केला. लेक आणि जावईबापू ऑफिसला जाता जाता आले.

"आई, हे जुनं मशीन चुकतंय," जावईबापू माझ्याकडे न बघताच म्हणाले. "क्लाउडवर चार आहे."

काकूंनी इंजेक्शनची डबी त्यांच्या हातात ठेवली. डबी कोमट होती. त्यांनी ती लगेच काउंटरवर ठेवली, लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राम वाचायला लागले. एका ठिकाणी थांबले आणि पडदा थोडा खाली केला. पण लेक मागेच उभी होती.

"'तात्पुरतं, नंतर काढणे,'" तिने मोठ्याने वाचलं. "हे काय आहे रे?"

"टेस्टिंगसाठी होतं."

"म्हणजे इतके दिवस आई काय बघत होती?"

जावईबापूंनी दुसरंच काढलं. "पण बटण तर आईंनीच बंद केलं ना?"

मित्रांनो, मी कारकुनाच्या चापट्या खाल्ल्या आहेत, पण इतकं हलकं वाक्य माझ्या समोर कुणी बोललं नव्हतं. प्लग कुणी हलवला, ते सांगायला मला तोंड नाही. काकूंनी मात्र खाली वाकून पट्टी बघितली, भिंतीतलं नवं यंत्र बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "हो. बटण मीच बंद केलं."

त्या शांतपणाने जावईबापूंना धीर आला. ते आवाज खाली आणून बोलायला लागले. "हे बघा आई. ऑफिशियली फ्रिज चारवरच होता. नोंद स्वच्छ आहे. औषध दिसायलाही काही बदललेलं नाही. कदाचित ते ठीकही असेल. तुमच्या दुकानाचं नाव आहे, उगाच बभ्रा कशाला?"

ते चूक बोलत नव्हते. डबी दिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बाईंची नजर गेली असती तर आजाराने गेली असं म्हटलं असतं, आणि पुरावा म्हणून हिरव्या गोलातला चार सगळ्यांनी मान्य केला असता. काकूंनी डबी पुन्हा हातात घेतली होती. काचेतून बाहेर बाकावर घड्याळवाले दिसत होते. त्यांनी बर्फाच्या पिशवीची चेन आधीच उघडून ठेवली होती. काकू इतका वेळ उभ्या राहिल्या की मला वाटलं, ही बाईही इतरांसारखीच निघणार.

"कदाचित," काकू म्हणाल्या. "आणि ते कदाचित कुणाच्या डोळ्यात टोचायचं? तुमच्या टोचू?"

काकूंनी जाड पेन घेतलं आणि डबीवर आडवं 'रद्द' लिहिलं. मग ती हातात तशीच धरून त्या बाहेर गेल्या.

"भाऊ, औषध खराब झालं. माझ्या दुकानात झालं. हे देता येणार नाही."

घड्याळवाल्यांना आधी कळलंच नाही. "पण तुम्हीच तर दाखवलंत वहिनी. चार होते."

"दाखवलं होतं. ते खोटं होतं."

"तांत्रिक अडचण आली होती," जावईबापू दारातून म्हणाले.

"खोटं होतं, जावईबापू," काकू मागे न वळता म्हणाल्या. "दुसरं मागवते भाऊ, आत्ताच फोन लावते. पण ते लगेच येणार नाही."

"तोवर तिचा डोळा थांबेल का?"

लोकांनी काहीही विचारलं तरी काकू काउंटरवरून 'होईल बरं' म्हणायच्या. ते त्यांच्या जिभेवरच असायचं. त्या दिवशी त्यांचे ओठ हलले आणि थांबले.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी येते तुमच्याबरोबर. डॉक्टरांना मीच सांगते काय झालं ते."

घड्याळवाल्यांनी पिशवीची चेन लावली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर जावईबापूंना बरं वाटलं असतं. काकू पदर खोचून त्यांच्याबरोबर निघाल्या, आणि लेकीने त्या दिवशी ऑफिसला दांडी मारून दुकान सांभाळलं आणि फ्रिजमधल्या बाकीच्या औषधांवरही 'रद्द' लिहिलं. नवऱ्याशी ती बोलली नाही. जावईबापू गेले तेव्हा लॅपटॉप काउंटरवरच विसरले होते, तो न्यायला पुन्हा आले, तेव्हाही बोलली नाही.

दुसरं इंजेक्शन आलं, पण उशिरा आलं. बाईंचा डोळा सगळा गेला नाही. मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. माणूस समोर उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. आता त्या माणसं आवाजाने ओळखतात. चित्र काढणं थांबलं.

मध्ये एका रविवारी काकूंनी जावयाला दुकानात बोलावून स्टुलावर बसवलं. सरबत दिलं नाही. "ती ओळ काढा," त्या म्हणाल्या. "आणि इथला आकडा वर पोचेल असं करा. पोचला नाही तर पानावर लिहून यायला हवं, माहीत नाही."

"तसं पान बरं दिसत नाही आई. लोक घाबरतात."

"घाबरू देत."

तुम्हाला सांगतो, जावईबापूंनी इतकं मोठमोठं काही काही लिहिलं असेल, पण 'माहीत नाही' हे दोन शब्द लिहायला त्यांना जितका वेळ लागला तितका बाकी कशालाच लागला नाही. आधी 'लोडिंग' लिहून बघितलं, मग 'लवकरच' लिहून बघितलं. काकू शेजारी उभ्या होत्या. शेवटी लिहिलं. काकूंनी माझ्या पाठीतली वायर उपटली आणि फोन बघितला. हिरवा गोल गेला होता, त्या जागी ते दोन शब्द होते. काकूंनी वायर परत लावली. फ्रिजचा प्लग भिंतीत गेला. माझे निरोप पुन्हा सुरू झाले. माझ्या पोटातली धूळ मात्र कुणी काढली नाही, ती आहे तशीच आहे.

शेवटी अशा गोष्टीत विनंती करायची असते. मी करणार नाही. तुम्ही हिरवा गोल बघून खूश होणारच, आणि जुन्याला भंगार म्हणणारच. एवढंच सांगतो की कधीतरी पानावरून डोळे काढून फ्रिजमध्ये हात घाला.

कालच बाई दुकानात आल्या होत्या, यजमानांचा दंड धरून. पुढचं इंजेक्शन न्यायचं होतं. जावईबापूही काही कामाने आले होते. बाईंना बघून ते औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. काकूंनी सवयीने फोन पुढे केला.

"हे बघा बाई, पाच..."

आणि त्या मध्येच थांबल्या. बाई फोनच्या दिशेने मान वळवून, कडेने काही दिसतंय का ते बघत होत्या. काकूंनी फोन खाली ठेवला, फ्रिज उघडला आणि डबी आणून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती दोन्ही तळव्यांत धरली, मग गालाला लावली.

"गार आहे," त्या म्हणाल्या, आणि डबी पिशवीत टाकायला यजमानांकडे दिली. "कपाटापाशी कोण उभं आहे? बोलत का नाही?"